ओंबी झडायच्या आत

शुक्रवार, १९ मे

सकाळी पावाला लोणी लावत होते तेवढ्यात फिलिपा बुलिमोरचा फोन. "ग्लेंडा, जरा येऊन जाता का? तुमच्या पट्ट्यात काहीतरी उगवलंय." आवाज अगदी शांत. फिलिपा शांत बोलली की समजावं, प्रकरण साधं नाही.

डेझला म्हटलं, चल. गाडी मीच चालवली. हल्ली तो मलाच चालवायला लावतो. "नवा डोळा करून आणलायस, वापर की," म्हणतो. तिच्या फाटकाशी गाडी थांबायच्या आत तो म्हणाला, "काळगवत." पट्टा तिथून शंभर पावलं लांब होता. मला नव्या डोळ्यानेही नुसतं हिरवं दिसत होतं.

काळगवतच होतं. उंदराच्या शेपटीसारखी जांभळट काळी ओंबी, हातभर वर आलेली. गेल्या सप्टेंबरात आम्ही चार शेतांना एकाच मिश्रणाचं बी दिलं होतं. गव्हाच्या कडेने सहा मीटरचा फुलपट्टा, बारीक गवतं आणि त्यात रानफुलं, भुंग्यांसाठी आणि पाखरांसाठी. सरकारी योजनेत पाच वर्षं राखायचा. फुलं अजून पानांवरच आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर हे.

एका ओंबीत शंभर दाणे. गव्हाच्या कितीतरी आधी पिकतात आणि वाऱ्याने झडतात. एकदा झडले की त्या शेतातला गहू पुढे कितीक वर्षं त्याच्याशी भांडतच वाढतो. तणनाशकाचे फवारे त्याला लागू पडेनासे झालेत.

"एप्रिलमध्ये पट्टा कापला होता ना?" मी विचारलं.

"दोनदा," फिलिपा म्हणाली. "कापलं की आडवं पसरतं आणि पुन्हा ओंबी धरतं. ग्लेंडा, पलीकडे माझा चाळीस एकर गहू आहे."

तेवीस वर्षं आम्ही नवरा-बायको बी मिसळून विकतोय. आमच्या पोत्यातून कुणाच्या शेतात तण गेलं, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. येताना डेझ खिडकीबाहेर बघत बसला होता. 

शनिवार, २० मे

प्रत्येक मिश्रणातलं पेलाभर बी बरणीत काढून ठेवायचं, हा डेझचाच नियम. सप्टेंबरची बरणी काढली, बी पांढऱ्या ताटलीत ओतलं आणि भिंग घेऊन बसले. चपटे, कडेला बारीक लव, एक वाकडी मिशी. शंभरात पाच-सहा दाणे काळगवताचे.

म्हणजे आलं ते मिश्रणातूनच. आणि मिश्रणात आलं ते बारीक गवताच्या पोत्यातून, दुसरं काय? ते बी आम्ही बाहेरून घेतो. व्यापाऱ्याला खरमरीत पत्र लिहिलं. चारही शेतकऱ्यांनाही लिहिलं, की पुरवठादाराने घाण माल दिला, आम्ही त्याला सोडणार नाही.

डेझ म्हणाला, "इतक्यात लिहू नकोस."

"का?"

"असंच. आधी नीट बघू."

"बघितलं की! भिंगातून बघितलं. तू फार मऊ आहेस, डेझ. म्हणूनच लोक आपल्याला असा माल खपवतात."

तो उठून कोठारात गेला. मी पत्रं टाकून आले.

मिसळणीच्या दिवशी मी नॉरिचला डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. घरी असते तर पोतं उघडताच दाणा ओळखला असता. ही रुखरुख आता जायची नाही.

मंगळवार, २३ मे

आयव्हर गॅदरकोल आला. दार वाजवलं नाही, अंगणातूनच हाक मारली. माझं पत्र हातात चुरगळलेलं.

"चाळीस वर्षं! चाळीस वर्षांत माझ्या रानात काळगवताची एक काडी नव्हती. तुझ्या फुलांच्या नादी लागलो आणि ही बक्षिसी!"

"आयव्हर, आत ये. चहा घे."

"चहा घालीन तुझ्या पट्ट्यात! योजनेतून पट्टा काढता येत नाही, नांगरता येत नाही, सगळीकडे फवारता येत नाही. तूच सांग आता, करू काय? मांजर बांधू तिथे?"

 डेझ माझ्यामागे दारात उभा होता. आयव्हरने त्याच्याकडे पाहिलं आणि का कोण जाणे, आवाज एकदम खाली आणला. "आणि तू बरा आहेस ना, लेका?"

"बरा आहे की," डेझ म्हणाला. "मला काय धाड भरलीय?"

आयव्हर टोपी घालून गेला. डेझवर ओरडायला जीभ रेटली नाही, माझ्यावर बरी रेटली. पुरुषांचं हे असंच.

बुधवार, २४ मे

ठरलं. उपटायचं. चारही शेतांतलं, हाताने, मुळासकट, पोत्यात भरून. वीस जूनच्या आसपास दाणा झडायला लागेल. म्हणजे सत्तावीस दिवस. पट्टे सगळे मिळून साडेआठ एकर. आम्ही दोघं, वयं सहासष्ट आणि एकाहत्तर.

टेसाला लीड्सला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मम, वेड लागलंय का तुला? विमा असतो ना असल्या गोष्टींना?"

विमा ओंब्या उपटायला येतो का?

सोमवार, २९ मे

पाच दिवसांत फिलिपाचा पट्टा संपला. पाठ मी म्हणतेय आणि गुडघे आम्ही म्हणतायत.

पण डेझ! त्याला इतकं खुशीत मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मी वाकून शोधते, तो उभ्या उभ्या बघतो. "तिथे. तुझ्या डावीकडे. नाही, ते टिमोथी गवत, त्याला राहू दे. त्याच्या मागे." मी दहा उपटेपर्यंत त्याची तीस. फिलिपा म्हणाली, "डेझमंड, तुम्ही कुत्र्यासारखं हुंगून काढता की काय?" तो म्हणाला, "काळगवत मिजासखोर आहे गं. मान ताठ ठेवतं. बाकीची गवतं लाजतात."

दुपारी मात्र त्याने मला संताप आणला. पोती टाकून येतो म्हणून गेला तो तासभर आलाच नाही. शोधत गेले तर बांधाच्या टोकाला उभा, हातात रिकामं पोतं. "कुठल्या बाजूला गाडी लावलीस तू?" मलाच विचारतो! गाडी समोर दिसत होती. मी म्हटलं, "उन्हात टोपी घालत नाहीस, मग असं होतं." 

शुक्रवार, २ जून

पाऊस. काम बंद. एक दिवस गेला म्हणजे दोन हजार ओंब्या उपटायच्या राहिल्या.

घर आवरायला घेतलं. कपाटांच्या दारांना आतून डेझने चिठ्ठ्या चिकटवल्यात. "चहा – डावीकडे." "कुत्र्याची गोळी सकाळी दिली की इथे खूण." लेबलांचं वेड त्याला लग्नाआधीपासूनच. कोठारातल्या बरण्या संपल्या, आता स्वारी स्वयंपाकघरावर आलीय. दोन चिठ्ठ्या मी फाडून टाकल्या. दार उघडलं की काय ते किराणा दुकान!  दुपारी पाहिलं तर दोन्ही परत लावलेल्या.

सोमवार, ५ जून

दुसरं शेत झालं. तिसरं अर्धं. गॅदरकोलचं सगळ्यात मोठं आणि ते अजून तसंच. तो आपल्याला रानात पाय ठेवू देईल की नाही, हीही शंकाच.

टेसाचा फोन. "डॅड फोनवर असा का बोलत होता? मला दोनदा विचारलं, तू अजून कॉलेजात आहेस का."

"थट्टा करत असेल."

"मम, माझी मुलगी कॉलेजात आहे."

"तेच तर, थट्टा," मी म्हटलं. टेसा लहानपणापासून बापाची थट्टा ओळखत नाही. आता चाळिशी उलटली तरी तेच.

गुरुवार, ८ जून

व्यापाऱ्याचं उत्तर आलं. पत्र सभ्य, पण मान वर करून लिहिलेलं. त्यांच्या तपासणीत ते बी स्वच्छ होतं, अहवाल सोबत जोडलाय, आणि आम्ही पोत्याला शिवलेल्या बिल्ल्याचा नंबर कळवावा. म्हटलं कळवते की, त्यात काय! रिकामी पोती कोठाराच्या माळ्यावर असतात.

रिकामं पोतं सापडलं नाही. भरलेलं सापडलं.

पुढच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. बारीक गवताचं बी, पंचवीस किलो. शिवण शाबूत, बिल्ला शाबूत. ते उघडलंच गेलं नव्हतं.

मग मिश्रणात गेलं काय?

खाली उतरून गेल्या सप्टेंबरची डायरी काढली. बारा तारखेला माझ्याच अक्षरात आहे: "गॅदरकोलचा बियाण्याचा गहू चाळून दिला. चाळणीखाली कचरा एक पोतं. त्यात रस्त्यापलीकडच्या, यंदाच भाड्याने घेतलेल्या रानातलं काळगवत फार. जाळायला डेझला सांगितलं. म्हणाला, जाळलं." चौदाला मी नॉरिचला. चौदालाच मिसळणी.

दोन्ही पोती पांढरी. शेजारी शेजारी ठेवलेली. पण एकावर बिल्ला होता, एकावर नव्हता! आणि दाणे बघून माणूस... तो तर शंभर पावलांवरून ओळखतो. हे कसं झालं, मला कळत नाही.

शुक्रवार, ९ जून

त्याला विचारलं नाही. दिवसभर शेजारी शेजारी उपटत होतो आणि विचारलं नाही.

शनिवार, १० जून

व्यापाऱ्याला माफीचं पत्र टाकलं. मग एकटीच निघाले. चार शेतं, चार स्वयंपाकघरं. आधी तिघांकडे जाऊन सांगितलं: माल चांगला होता, घोटाळा आमच्या कोठारात झाला, गव्हाच्या चाळणीखालचं पोतं मिश्रणात पडलं. चूक माझी. फिलिपाने मला मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "पण पुढच्या वेळी मी बरणी स्वतः बघेन हं." बघावीच. एकाने कॉफी दिली आणि सरळ सांगितलं, यापुढे बी दुसरीकडून घेईन. त्यालाही नावं ठेवायला जागा नाही.

गॅदरकोलला शेवटी ठेवलं होतं. तो टेबलाशी एकटा जेवत होता, पावात थंड सॉसेज घालून. उभ्यानेच सांगितलं.

"कुणाचा गहू होता तो?" त्याने विचारलं.

मी गाडीची किल्ली खिशात टाकली.

"ग्लेंडा. कुणाचा?"

"आयव्हर, चूक आमच्या कोठारातली आहे. गहू कुणाचा का असेना."

त्याने घास खाली ठेवला. "माझा. ते भाड्याचं रान. मला तेव्हाच दिसलं होतं." मग ताटली बाजूला सारली. "आणि मी तुझ्या अंगणात येऊन चाळीस वर्षं, चाळीस वर्षं करत होतो."

"ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

"बस खाली," तो म्हणाला. मी बसले. "पोतं तू नाही ओतलंस. तू त्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधून नॉरिचला होतीस. तुझ्याकरता डेझने माझ्याकडून कोंबडी नेली होती, सूप करायला. मला आठवतंय."

"आयव्हर—"

"ऐक. मार्चमध्ये बाजारात तो मला भेटला. म्हणाला, ब्रेंडा कशी आहे? मी म्हटलं, थट्टा असेल, पण डेझ असली थट्टा करायचा नाही. अर्ध्या तासाने परत भेटला. परत विचारलं, ब्रेंडा कशी आहे, बरेच दिवसांत दिसली नाही."

आयव्हरच्या बायकोला, ब्रेंडाला, जाऊन चार वर्षं झाली. तिच्या शवपेटीला खांदा दिला त्या सहाजणांत डेझ होता.

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, बरी आहे म्हणून. काय सांगणार?" आयव्हरने नाक पुसलं. "मला वाटलं तुला ठाऊक असेल. घरात तर तू असतेस."

घरात मी असते. मागची पानं आत्ता वाचून काढली. बांधावरची गाडी, टेसाचा फोन, कपाटाच्या चिठ्ठ्या. सगळं मीच लिहिलंय, तारीखवार, आणि प्रत्येक वेळी त्याच्यावरच चिडलेय. त्या दोन चिठ्ठ्या फाडताना मला कसला आनंद झाला होता!

सोमवार, १२ जून

उपटणं थांबवून चालणार नाही. आठ दिवस आहेत. डॉक्टरांकडे नाव नोंदवलं, पहिली वेळ तीन जुलैची मिळाली. डेझला म्हटलं, दोघांचीही तपासणी करून घेऊ, वयं झाली. तो म्हणाला, "बरं." फार पटकन म्हणाला.

सकाळी गॅदरकोलच्या पट्ट्यावर पोचलो तर आयव्हर आधीच तिथे. सोबत त्याचे दोन्ही गडी, आणि फिलिपा, डोक्याला रुमाल बांधून. आयव्हरने डेझला हाक मारली, "लेका, आम्हाला काही ओळखू येत नाही, सगळं हिरवं दिसतंय. तू पुढे हो, बोट दाखव. आम्ही उपटतो."

डेझ पुढे झाला. काठी घेऊन. आम्ही पाचजण मागे ओळीत.

शुक्रवार, १६ जून

डेझने आज आयव्हरला तीन वेळा एकच गोष्ट सांगितली, बापाने त्याला बी ओळखायला कसं शिकवलं ती. आयव्हर तिन्ही वेळा हसला, आणि तिसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जोरात. माझ्या मनातला या माणसाबद्दलचा सगळा राग गेला.

आज एक ओंबी मुठीत घेतली तर चार दाणे तळव्यावर सुटले. झडायला लागलंय. आता ओंबीखाली पिशवी धरूनच उपटायचं.

मंगळवार, २० जून

साडेचारला शेवटची ओंबी. काठी जमिनीत रोवून डेझ म्हणाला, "झालं. आता नाही." आम्ही आणखी दोन फेऱ्या मारल्या, पण नव्हतंच. आयव्हरच्या खळ्यात पोत्यांचा ढीग पेटवला. किती पोती झाली ते मोजायचं राहूनच गेलं.

काही दाणे झडले असणारच. पुढच्या वर्षी परत यावं लागेल आणि त्याच्या पुढच्याही. चौघांनाही मी तसं लेखी दिलंय.

सोमवार, ३ जुलै

डॉक्टर तरुण आहे, कान लालसर, हाताला सवय नसल्यासारखं घड्याळ. माझं चटकन उरकलं. डेझला त्याने तारीख विचारली, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मग म्हणाला, "एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं सांगता येतील तितकी सांगा." डेझने सात सांगितली आणि थांबला.  मला त्याच्या जागी बसावंसं वाटलं.

"प्राणी माझा विषय नाही," तो म्हणाला. "गवतं विचारा."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "सांगा गवतं."

एकोणीस. न अडखळता, लॅटिन नावांसकट. काळगवत त्याने त्यात घेतलं नाही. मीही आठवण केली नाही. डॉक्टरने काहीतरी लिहून घेतलं आणि नॉरिचच्या मोठ्या दवाखान्याला पत्र पाठवतो म्हणाला. कशासाठी, ते आम्हा दोघांनाही विचारावं लागलं नाही.

गाडीत बसलो. किल्ली लावणार तेवढ्यात तो म्हणाला, "तू सगळ्यांना सांगितलंस तुझी चूक म्हणून."

"कोठार दोघांचं आहे."

"ग्लेंडा, तुला खोटं बोलता येत नाही. लग्नातही तू पाद्र्यासारखा चेहरा करून म्हणाली होतीस, माझ्या आईचं पुडिंग छान झालंय." तो हसला आणि मग हसू गेलं. "मला ठाऊक होतं. फिलिपाच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हाच कळलं, हे माझ्या हातून झालंय. कसं झालं ते आठवत नाही. तो दिवसच आठवत नाही, पण झालंय हे कळलं."

"मग सांगितलं का नाहीस? मी त्या बिचाऱ्या व्यापाऱ्याला काय काय लिहिलं!"

"सांगायचं होतं. विसरलो, असं म्हटलं तर आता तू विश्वास ठेवशील." त्याने माझा हात किल्लीवरून काढून आपल्या हातात घेतला. "पण विसरलो नव्हतो. घाबरलो होतो."

मी म्हटलं, "मीसुद्धा."  मागून कुणीतरी जागेसाठी भोंगा वाजवला, तेव्हा निघालो.

गुरुवार, १७ ऑगस्ट

नॉरिचहून आज निदान आलं. नाव लांबलचक आहे, अर्थ आम्हाला आधीच कळलेला. किती वर्षं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

टेसा आलीय. तिचं म्हणणं, आता धंदा बंद करा. जेवताना तिघांत बरीच वादावादी झाली. शेवटी डेझ म्हणाला, "टेसा, मी गव्हाचं पोतं ओळखलं नाही, खरं आहे. आता पोती तुझी मम वाचेल. पण दाणा ती ओळखत नाही, दोन्ही डोळे नवे केले तरी. तो मी बघेन. बघता येईल तोवर."

"आणि नंतर, डॅड?"

"नंतर तिला शिकवून झालेलं असेल."

चौघांतले दोघे यंदा बी घेणार आहेत. फिलिपा सोमवारी येतेय, स्वतः बरणी बघायला. उद्या सकाळी सातला माझा पहिला धडा. त्याने पांढऱ्या ताटलीत बारा प्रकारचे दाणे आत्ताच मांडून ठेवलेत, आणि नावं कुठे लिहिलेली नाहीत.